व्हिएन्ना ते लिस्बन, तीन तास पन्नास मिनिटं

माझी धाकटी बहीण व्हिएन्नाहून लिस्बनला जाणार हे नक्की झालं, तेव्हा मायने मला एवढंच विचारलं, "किती दूर हाय रे ते?"

मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात अंतराचे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. मोबाईलवर एक पान सापडलं. त्यात दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ दिसतो. दोन हजार तीनशे किलोमीटर. तीन तास पन्नास मिनिटं. मी मायला म्हटलं, "दिल्लीहून कन्याकुमारीले जावं, जवळपास तितकं."

"मी कुठी पाहिली कन्याकुमारी? अकोल्याच्या हिशेबानं सांग."

आमचं गाव अकोट-अकोला रस्त्यावरच्या एका फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे. तिथून अकोला चाळीसेक किलोमीटर. मी मनातल्या मनात भागाकार केला. "सत्तावन्न-अठ्ठावन्न येळा अकोल्याले जाणं होते," मी सांगितलं. माय आठवड्यातून तीनदा भाजी घेऊन अकोल्याला जाते. तिने बोटांवर जाणं धरलं, येणं धरलं, आणि म्हणाली, "म्हणजे माह्या दोन-सव्वादोन महिन्याचा बाजार. अन् हे पोट्टी एका सकाळी जाईन."

मी इतकी वर्षं नकाशे शिकवतो, पण ते अंतर मला स्वतःला खरं कळलं ते त्या दिवशी. दोन महिन्यांचे बाजार. पहाटे उठून पाण्यात बुडवून काढलेल्या सांबाराच्या जुड्या, फाट्यापर्यंत डोक्यावर गाठोडं, गाडीत मागच्या सीटखाली जागा मिळाली तर मिळाली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. सांबार फार नाजूक असतो. ऊन चढायच्या आत बाजाराच्या ओट्यावर पोचला तर त्याला गिऱ्हाईक, तासाभराने पोचला तर तो गायीला. माय चौथीपर्यंत शिकली, पण वेळेचं तिचं शिक्षण या सांबाराने पूर्ण केलं असं मला वाटतं.

माझं वेळेचं शिक्षण डब्याने केलं. बारावीनंतर मी अकोल्याला शिकायला गेलो. चौघांत एक खोली होती, पण तिथे चूल पेटवायची परवानगी नव्हती. मग आमच्या भागात सगळे करतात तेच मायने केलं. डबा गाडीवर दिला. म्हणजे असं, की फाट्यावर एसटी थांबली की कापडी पिशवीतला डबा कंडक्टरच्या हाती द्यायचा, आणि अकोल्याच्या स्टँडवर आपण जाऊन तो उतरवून घ्यायचा. ना चिठ्ठी, ना पावती. आमच्या गाडीवर रोज दहा-अकरा डबे असायचे. प्रत्येकाची पिशवी वेगळी, आणि कंडक्टरला सगळ्या पिशव्या पाठ. माझी पिशवी मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती. चार वर्षांत तो माणूस एकदाही माझा डबा दुसऱ्याला देऊन बसला नाही. एकदा पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे गाडीचं टायर बसलं. त्याने प्रवाशांच्या आधी डब्यांची सोय लावली. रस्त्यात उभं राहून एक काळी-पिवळी जीप थांबवली, अकराच्या अकरा पिशव्या एका बाईच्या मांडीवर ठेवल्या आणि तिला सांगितलं, "स्टँडवर पोट्टे उभे असतीन उपाशी. त्यायले द्या, मगच घरी जा." ती बाई खरंच आमची वाट पाहत स्टँडवर बसून राहिली होती. नंतर ती मला कधी दिसली नाही. पण मी पदवीधर झालो त्यात तिचा एक दिवसाचा वाटा आहे हे मी विसरलेलो नाही.

त्या चार वर्षांत मला गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ झालं. अकोटहून पावणेआठला सुटली, आमच्या फाट्यावर आठ-पाच, अकोल्याला सव्वानऊ. सुटायची वेळ अधिक वाटेचा वेळ म्हणजे पोचायची वेळ. गावात कोणाला परतवाड्याला, मोर्शीला, नागपूरला जायचं असलं की लोक मला विचारायचे आणि मी उभ्या उभ्या सांगायचो. घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणून मला मान मिळाला तो आधी या बेरजेमुळे. डिग्री नंतर आली.

बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिचाही डबा त्याच गाडीवर गेला, फक्त कंडक्टर बदललेला होता. ती मातीकडे वळली. आमच्या गावापासून थोडं दक्षिणेला सरकलं की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरींचं पाणी खारट आहे, ते पाजलं तर पीक बसतं. आमची विहीर गोड, आणि दोन मैलांवर मामाच्या शेतात खारं पाणी. लहानपणी ती दोन्हीकडचं पाणी जिभेवर घेऊन विचारायची, "असं कावून?" तो प्रश्न तिने सोडला नाही. अकोल्यात कृषीची पदवी घेतली आणि मग शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी व्हिएन्नाला गेली. तिथून आता लिस्बनजवळ समुद्राच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीवर संशोधन करायला तिला जागा मिळाली होती. चार वर्षांची जागा, पगारासकट. अशा जागा किती असतात ते मला ठाऊक नाही. पण आमच्या फाट्यावरून अशा जागेपर्यंत कोणी गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

व्हिएन्नात असताना तिचा मायला रोज फोन यायचा. सकाळी खोलीतून निघताना, पाच मिनिटं. भाजीला काय भाव मिळाला, म्हैस किती दूध देते, असलंच बोलणं. शेवट ठरलेला. "साडेसात झाले माय, ठेवू का?" आणि मायचं, "ठेव."

सप्टेंबरात ती लिस्बनला पोचली. मंगळवारी संध्याकाळी. मी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, सुट्टीत गावी आलेलो होतो. महालक्ष्म्या उठल्या होत्या, पाहुणे परतले होते, आणि गुरुवारी दुपारी मी आणि माय ओसरीत चवळीच्या शेंगा निवडत बसलो होतो. अडीचच्या सुमाराला तिचा फोन आला. ही तिच्या फोनची वेळ नव्हती. मायने पहिली रिंग वाजतानाच मला म्हटलं, "घे, काही तरी झालं."

"दादा, फोल्डर तिकडंच राहिलं."

"कोणतं फोल्डर?"

"डिग्रीचं. मार्कशीटा, सर्टिफिकेट, सगळे ओरिजिनल. व्हिएन्नाच्या खोलीत राहिलं."

"खोलीत कुठी?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "गादीखाली."

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही, पण मला लगेच समजलं. आमच्या घरी कपाट फार उशिरा आलं. तोवर सातबारा, रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कशीट, सगळे महत्त्वाचे कागद मायच्या गादीखाली असायचे. कागद सपाट राहतो, उंदीर लागत नाही, आणि वर माणूस झोपलेलं असतं म्हणून चोराची भीती नाही. कपाट आल्यावरही त्यात साड्या गेल्या, कागद गादीखालीच राहिले. युरोपातल्या एका वसतिगृहात, कुलपाचं टेबल हाताशी असताना, माझ्या बहिणीने तिचं सगळ्यात मोलाचं फोल्डर दोन वर्षं गादीखाली ठेवलं होतं.

फोन स्पीकरवर होता. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "माय, तूच शिकवलं न गादीखाली ठेवाले!"

"ठेवाले शिकवलं," माय म्हणाली. "इसराले नाई शिकवलं."

त्या रडण्यातही ती फिसकन हसली. मग तिने सगळं नीट सांगितलं. शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, दुपारी बाराच्या आत तिच्या नव्या संस्थेच्या नोंदणीच्या खिडकीवर मूळ कागद दाखवायचे होते. स्कॅन केलेले त्यांच्याकडे होते, पण नियम मूळ कागदांचा. तिने मुदत मागून पाहिली होती. खिडकीतल्या बाईने न रागावता नियमाचा छापील कागद पुढे केला. बारा वाजता यादी बंद होते, आणि जो आला नाही त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. कुरियरला दोन दिवस लागत होते. तिने स्वतः जाऊन यायचं तर त्या रात्री व्हिएन्नाला पोचण्यासारखं विमान नव्हतं.

मी शेंगांची टोपली बाजूला सारली. माय सहज म्हणाली, "मंग गाडीवर दे म्हणा न."

"माय, एसटी नाई ते. विमान हाय."

"मंग? विमानात माणसं नाई बसत का?"

मी कपाळाला हात लावला. पण पलीकडून बहिणीचा आवाज आला, "थांब दादा, थांब," आणि फोन बंद झाला.

पुढचे तीन-चार तास तिने काय केलं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. आधी तिने व्हिएन्नातल्या रूममेटला फोन केला. ती सर्बियाची मुलगी. तिने गादी उचलली आणि फोल्डर सापडलं. (दोन वर्षं शेजारच्या पलंगावर झोपूनही तिला याचा पत्ता नव्हता. ती हसत सुटली म्हणे.) मग बहिणीने व्हिएन्नातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं, उद्या सकाळी लिस्बनला कोणी जातंय का. बऱ्याच जणांनी नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एक-दोघांनी विचारलं, आत काय आहे, खरं सांग. आणि आमच्याकडे साडेसहा वाजले असताना एकाचं उत्तर आलं. तो मूळचा आंध्रातला, व्हिएन्नात नोकरी करणारा, ओळखपाळख काही नाही. मित्राच्या लग्नासाठी शुक्रवारी सकाळच्या विमानाने लिस्बनला चालला होता. त्याच्या दोन अटी होत्या. पाकीट बंद केलेलं चालणार नाही, आणि प्रत्येक पान तो स्वतः उलटून पाहणार. मला त्या अटी फार आवडल्या. अनोळखी माणसाचं ओझं उचलायला तयार होणं मोठंच, पण डोळे उघडे ठेवून तयार होणं त्याहून मोठं.

बहिणीने फोन केला तेव्हा तिच्या आवाजात जीव आला होता. "दादा, विमान आठ दहाले सुटते. किती वाजता पोचते पाह्य बरं."

तो प्रश्न मला विचारायची तिला लहानपणापासूनची सवय. तिने तिकिटं पाहिली असती तर उत्तर तिथेच छापलेलं होतं. पण तिकीट दुसऱ्याचं होतं, आणि ती घाबरलेली होती, आणि दादा होता. मी तेच पान उघडलं. तीन तास पन्नास मिनिटं. आठ दहा अधिक तीन पन्नास.

बारा. बरोबर बारा.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बारा होते न?"

"हो."

"बाराले विमान उतरीन. अन् बाराले खिडकी बंद."

त्यात विमानतळावरून बाहेर यायचं, मेट्रोने जायचं. मी दोनदा बेरीज केली, जणू दुसऱ्यांदा ती कमी भरणार होती. त्याच्या आधीचं विमान थेट नव्हतं, ते तर आणखी उशिरा पोचत होतं. शेवटी मी, घरातला मोठा, शिकलेला, हिशेबाचा माणूस, म्हणालो, "नाई जमत बाई. त्याले नाई म्हणून सांग. उगाच त्याले ओझं कावून?"

"थोड्या वेळानं सांगतो," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे वाक्य मी बोललो ते मला अजून टोचतं. बेरीज चुकली म्हणून नाही. इतक्या लवकर हात झटकले म्हणून.

माय अंगणात दिव्याखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत होती. सगळं बोलणं तिच्या कानावर होतं. तिने दोऱ्याला गाठ मारली, जुडी ओल्या पोत्यावर ठेवली आणि विचारलं, "तिकडं अजून थंडी त नाई लागली न?"

मी वैतागलो. "माय, आता थंडीचं काय काढलं तू?"

"नाई, मी म्हणतो, मंग पोट्टीचा फोन हिवाळ्याच्या टायमाले कावून येऊन राहिला?"

"काय?"

"अरे दोन वरसं झाले पाहून राहिली मी. बाजारातून आली का मी साडेअकराले जेवतो. उन्हाळ्यात तिचा फोन मी जेवाच्या आधी येते. हिवाळ्यात मी जेवून उठली का येते. तिकडं थंडीत घड्याळ मागं घेतात म्हणे, तिनंच सांगतलं होतं. आता त कालपरवा महालक्ष्म्या उठल्या. अन् काल बी माह्यं जेवण झाल्यावर फोन, आज बी जेवण झाल्यावर फोन."

"नवीन जागा हाय. उशिरा उठली असन."

"उशिरा उठली, त साडेसात झाले म्हणून कशी म्हणली? काल बी साडेसात म्हणली, आज बी साडेसातच म्हणली."

मी उभा होतो, तो खाली बसलो.

जे वाचक माझ्यासारखे एकाच घड्याळावर वाढले त्यांच्यासाठी सांगतो. व्हिएन्नात सप्टेंबरात सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे अकरा वाजलेले असतात. मायच्या जेवणाआधी. या दोन दिवसांत मात्र तिचे साडेसात आणि आपले बारा अशी गाठ पडत होती. म्हणजे मुलगी उशिरा उठत नव्हती, ती गेली त्या गावाचंच घड्याळ एक तास मागे होतं. आपला देश केवढा लांबरुंद, पण गुजरातेत जे वाजतात तेच आसामात. युरोप त्या मानाने नकाशावर केवढासा दिसतो. तिथे सगळीकडे एकच वेळ असणार हे मी धरूनच चाललो होतो. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी रेखावृत्तं काढतो, पंधरा अंशाला एक तास हे पोरांकडून घोकून घेतो. पण स्वतःच्या बहिणीच्या वेळी मला आठवली ती अकोट-अकोल्याची बेरीज.

मी तिला फोन लावला. "तुह्या मोबाईलात आता किती वाजले?"

"दोन चाळीस. कावून?"

"तुह्या रूममेटले विचार, तिच्याकडं किती वाजले. आत्ताच विचार."

अर्धं मिनिट गेलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तीन चाळीस म्हणते." आणि पुढच्या क्षणाला अशी ओरडली की मायच्या हातातली जुडी सुटली. "दादा! विमान अकराले उतरते! तिथल्या बाराले म्हणजे इथले अकरा! मोबाईलनं आपोआपच वेळ बदलली, मले कळलंच नाई!"

"त्याले नाई म्हटलं का तू?"

"नाई न! हिंमतच नाई झाली."

तिच्या त्या न झालेल्या हिंमतीचे मी आभार मानतो.

बाबा दिवसभर मळ्यात होते. ते पाय धुऊन ओसरीत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा फार बोलत नाहीत, आणि बोलतात ते असं. "दोन-दोन डिग्र्या घरात. त्यातला एक भूगोलाचा मास्तर. अन् घड्याळ वाचलं चौथीवाल्या बाईनं."

"तुमी त राहूच द्या," माय म्हणाली. "तुमाले त तिचा फोन येते हेच ठाऊक नसते."

मी मायला विचारलं, तू हे सगळं ध्यानात कशासाठी ठेवलं होतंस. तिला प्रश्नच कळला नाही. ध्यानात कुठे ठेवलं, ती म्हणाली, वाट पाहून राहिली होती. मला वाटतं खरा फरक इथे आहे. मी बहिणीच्या शहराचं अंतर पाहिलं होतं, लोकसंख्या पाहिली होती, कोणती नदी वाहते ते वर्गात सांगितलं होतं. मायला तिथलं काहीच माहीत नव्हतं. पण तिथे केव्हा उजाडतं हे तिला तिच्या ताटावरून कळत होतं.

शुक्रवारी मला अमरावतीला परतायचं होतं. मी गेलो नाही. माय पहाटे नेहमीप्रमाणे भाजी घेऊन गेली, दहापर्यंत परत आली. रूममेटने फोल्डर गुरुवारी रात्रीच त्या आंध्राच्या माणसाच्या घरी पोचवलं होतं. अकरा वाजता बहिणीच्या फोनवर त्याने पाठवलेला एक फोटो आला, तो तिने आम्हाला पाठवला. विमानातली सीट, त्याची मांडी, आणि मांडीवर निळं फोल्डर. फोल्डरावर अकोल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानाचं नाव छापलेलं. खाली त्याने लिहिलं होतं, सगळी पानं पाहिली, सांख्यिकीत फारच कमी मार्क आहेत. बहिणीला त्याचा इतका राग आला की तिची भीतीच गेली.

विमान पंधरा मिनिटं उशिरा उडालं. ते कुठे आहे हे मोबाईलवर दिसतं, हे मी मायला दाखवलं. नकाशावर पिवळं, पाखराएवढं विमान हळूहळू पश्चिमेला सरकत होतं. मायने चष्मा लावला. त्यानंतर दर दहा मिनिटांनी ती आतून विचारायची, "कुठवर आलं?"

"डोंगर ओलांडले."

"अन् आता?"

"समुद्रावर हाय."

"समुद्रावर कायले गेलं? सरळ रस्ता नाई का?"

बाबा मळ्यात गेले नाहीत. पंप बिघडला म्हणाले. पंपाला काही झालं नव्हतं.

आपल्या घड्याळात तीन चाळीसला विमान उतरलं. तीन पंचावन्नला बहिणीचा तीन अक्षरांचा निरोप आला, "मिळालं." मग काही नाही. चार वाजून गेले, सव्वाचार झाले. माय शेंगा निवडायला बसली आणि निवडलेल्या शेंगा पुन्हा न निवडलेल्यांत टाकू लागली. साडेचार, म्हणजे तिथले बारा, वाजले तेव्हा आम्ही तिघंही मोबाईलकडे पाहत होतो, आणि मोबाईल गप्प होता. तिथे मेट्रो किती वेळाने येते, स्टेशनपासून किती चालावं लागतं, खिडकीवर किती रांग असते, यातलं काही त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. तीन तास पन्नास मिनिटं हा फक्त विमानाचा वेळ होता.

चार पन्नासला फोन वाजला. माय मला म्हणाली, "तू घे." मग माझ्या हातातून तिनेच घेतला.

"झालं माय," बहीण म्हणाली. ती धापा टाकत होती. "झालं. नोंदणी झाली."

मायने पदर तोंडावर घेतला. बाबांनी पाठ फिरवली आणि खुंटीवरचा टॉवेल उगाच काढून परत तिथेच टांगला. मी विचारलं, "किती वाजता पोचली?"

"अकरा शेहेचाळीसले. माह्यापुढं तिघं होते. माहा नंबर लागला तवा चार मिनिटं राहिले होते. अन् दादा, त्या बाईनं सर्टिफिकेट हातात घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, अन् दिलं परत. मिनिटभर बी नाई पाहिलं! दोन हजार तीनशे किलोमीटर आणलं न आमी!"

"पाहिलं न पण," मी म्हणालो. मला त्या खिडकीतल्या बाईचेही आभार मानावेसे वाटत होते, खिडकी बारापर्यंत उघडी ठेवल्याबद्दल.

आता मायला आवाज फुटला. "अन् तो पोट्टा? फोल्डरवाला?"

"तो बी आला माह्यासंग. मी एकटी जातो म्हटलं तर म्हणे, इथवर आणलं आता शेवट पाहू दे. मेट्रोतून उतरलो त माही बॅग घेऊन माह्यापुढं धावला. तिकडं त्याच्या मित्राचं लग्न हाय संध्याकाळी, त्याचे इस्त्रीचे कपडे पार चुरगळले."

"त्यानं काही खाल्लं का?"

"कधी खाईन माय? सकाळी सहाले निघालेला हाय घरून."

"मंग आता कुठी हाय तो?"

"इथंच हाय, बाजूले उभा."

"बाजूले उभा?" मायचा आवाज एकदम चढला. "अन् तू माह्याशी गोष्टी करून राहिली? सकाळपासून उपाशी माणूस उभा करून? ठेव फोन! आधी त्याले जेवू घाल, पोटभर, अन् तू बी जेव."

मला बहिणीचं अभिनंदन करायचं होतं, त्या माणसाशी दोन शब्द बोलायचे होते, तिथे नेमकं काय लिहून मिळालं ते विचारायचं होतं. मी हात पुढे केला, पण मायने फोन ठेवून दिला होता.